आँजियरचे अपुरे राहिलेले चर्च

मोरा बंदरातून सुटणारी लाँच उरणकरांना नवी नाही. शिक्षण, नोकरी आणि व्यापार यांसाठी अनेक पिढ्यांनी मोरा ते भाऊचा धक्का हा जलप्रवास केला. धक्क्यावर उतरून फोर्टात गेलेला प्रवासी हॉर्निमन सर्कलपाशी येतो, तेव्हा सेंट थॉमस कॅथेड्रलवरून त्याची वाट जाते. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून पडले. नगराच्या मध्यभागी, जिथे व्यापाराची वर्दळ सर्वाधिक, तिथेच प्रार्थनेसाठी एक भूखंड राखून ठेवण्याची कल्पना ज्याची होती, तो जेरॉल्ड आँजियर. मुंबईचा संस्थापक म्हणून इतिहासकारांनी त्याला गौरविले. ते चर्च पूर्ण झालेले पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

आयर्लंडमधील एका प्रतिष्ठित घराण्यात सुमारे १६४० साली आँजियरचा जन्म झाला. त्याचा भाऊ फ्रान्सिस पुढे लाँगफर्डचा अर्ल झाला. जेरॉल्डने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी पत्करली आणि १६६२ च्या सुमारास तो सुरतेच्या वखारीत दाखल झाला. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहाने १६६१ मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली होती. दूरच्या या बेटाचा खर्च राजाला परवडेना. त्याने १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड भाड्याने ते कंपनीच्या हवाली केले. पुढच्याच वर्षी, जुलै १६६९ मध्ये, सुरतेचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्सेंडन मरण पावला आणि सुरतेच्या अध्यक्षपदासह मुंबईचे गव्हर्नरपद आँजियरकडे आले.

त्याच्या हाती आलेली मुंबई म्हणजे ताडामाडांची, दलदलीची आणि रोगट हवेची सात बेटे होती. चोहोबाजूंनी इतरांची सत्ता होती. वसई, साष्टी, ठाणे पोर्तुगीजांकडे. समोरचे उरण, म्हणजे त्या काळचे करंजा बेट, तेही त्यांच्याकडेच. मुंबईला धान्य आणि लाकूडफाटा पुरविणाऱ्या होड्यांकडून ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगीज जकात वसूल करीत. जकात रोखली की मुंबईचा श्वास कोंडला जाई. त्यात जंजिऱ्याचा सिद्दी आपले आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात ठेवू पाही आणि शिवाजी महाराजांचा त्याला विरोध असे. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच आरमारही मुंबईसमोर येऊन ठाकले. आँजियरने केलेली संरक्षणाची तयारी पाहून ते न लढता परतले.

अशा ठिकाणी लोक येऊन राहावेत कसे, हा आँजियरपुढचा खरा प्रश्न होता. तटबंदी, तोफा आणि शिबंदी एवढ्यावर बंदर उभे राहत नाही. त्यासाठी सावकार, विणकर, कारागीर आणि दलाल लागतात. ही माणसे विश्वासाशिवाय येत नाहीत. जून १६७२ पासून सुमारे तीन वर्षे तो मुंबईतच राहिला आणि या विश्वासाची पायाभरणी त्याने केली. जमिनीच्या मालकीवरून चाललेले तंटे त्याने करार करून मिटविले. जमीनदारांनी एकत्रितपणे दरसाल २०,००० शेराफिन, म्हणजे पोर्तुगीज चलनातील नाणी, भरावयाची आणि त्यांच्या जमिनी निर्वेध राहावयाच्या, असे ठरले. ऑगस्ट १६७२ मध्ये न्यायालय सुरू झाले. निरनिराळ्या जातिजमातींच्या पंचायतींना आपापले तंटे सोडविण्याची मुभा मिळाली. टांकसाळीची व्यवस्थाही याच काळातली. जून १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा हेन्री ऑक्सेंडन हा त्याचाच वकील तेथे हजर होता आणि त्याच भेटीत मराठ्यांशी तहही झाला.

या सर्व व्यवस्थेचा कणा होता धर्माविषयीचे त्याचे धोरण. मुंबईतील बहुसंख्य ख्रिस्ती रोमन कॅथलिक होते. माहीम, दादर, परळ येथे त्यांची चर्च आधीपासून होती आणि त्यांना धर्मपालनाची हमी विवाहाच्या तहातच मिळाली होती. आँजियरने ही हमी इतरांपर्यंत नेली. पारशी समाजाला मलबार हिलवर जागा मिळाली आणि मोदी हिरजी वाच्छा यांनी तेथे दोखमा बांधला. डॉ. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ मध्ये मुंबईत आला, तेव्हा तो नुकताच पूर्ण झाला होता. दीवचा धनाढ्य बनिया निमा पारेख मुंबईत येण्यास तयार झाला तो १६७७ च्या मार्चमध्ये, लेखी हमी घेऊनच. त्याच्या घरात कोणी शिरू नये, देवपूजेत आणि दहनविधीत कोणी अडथळा आणू नये, अशी ती कलमे होती. पोर्तुगीजांच्या मुलखात धर्मांतराच्या सक्तीला कंटाळलेल्या लोकांना समोरच्या किनाऱ्यावर असा करार होतो, ही बातमीच पुरेशी होती.

इंग्रजांची प्रार्थना मात्र अद्याप किल्ल्यातील एका दालनात होत असे. आपल्या वसाहतीला साजेसे चर्च हवे, असे आँजियरला वाटे. त्याने वर्गणी सुरू केली, किल्ल्याच्या पश्चिमेस मोकळ्या मैदानालगत जागा ठरली आणि १६७६ च्या सुमारास पाया घातला गेला. भिंती सुमारे १५ फूट उंचीपर्यंत आल्या आणि तेवढ्यात ३० जून १६७७ रोजी सुरत येथे आँजियरचे निधन झाले. वय चाळिशीच्या आतबाहेर.

त्याच्यामागे काम थांबले. लंडनच्या संचालकांनी खर्चाला कात्री लावली. १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनने बंड करून मुंबई ताब्यात घेतली. १६८९ मध्ये सिद्दी याकूब शिवडीला उतरला आणि त्याने किल्ल्याला वेढा दिला. पाठोपाठ साथीच्या रोगांनी वस्ती पोखरली. चर्चसाठी जमविलेली रक्कमही नाहीशी झाली. अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने त्याचा ठपका सर जॉन चाइल्ड या गव्हर्नरवर ठेवला आहे. छप्पर नसलेल्या त्या भिंती सुमारे चाळीस वर्षे ऊनपाऊस झेलत उभ्या राहिल्या. अखेर रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने १७१५ मध्ये नव्याने वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला आणि १७१८ च्या नाताळात चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले. तटबंदीच्या ज्या दरवाजाकडून तेथे जाता येई, तो चर्चगेट. १८३७ मध्ये या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. मुंबईच्या रस्त्यांवरील जुने मैलाचे दगड येथूनच मोजले गेले.

येथे एक विसंगती लक्षात येते. परधर्मीयांना दिलेली वचने आँजियरच्या हयातीत पाळली गेली. दोखमा उभा राहिला, बनियांना लेखी हमी मिळाली. अपुरे राहिले ते त्याच्या स्वतःच्या धर्माचे मंदिर. पण शहर वाढले ते त्या वचनांमुळे. सुमारे १०,००० वस्तीची बेटे त्याच्या कारकिर्दीत ६०,००० वर गेली, असे फ्रायरच्या नोंदीवरून सांगितले जाते. हा आकडा काहीसा फुगवलेला मानला, तरी वाढ नाकारता येत नाही. पुढे याच फोर्टात १७०९ मध्ये बनाजी लिमजी अग्यारी, १७९६ मध्ये आर्मेनियनांचे सेंट पीटर चर्च, १८१९ मध्ये स्कॉटिश लोकांचे सेंट अँड्र्यूज चर्च आणि १८८४ मध्ये ज्यूंचे केनेसेथ इलियाहू सिनेगॉग उभे राहिले. एका चर्चसाठी राखलेल्या भूखंडाभोवती, चालत जाण्याच्या अंतरात, अनेक धर्मांची प्रार्थनास्थळे वसली. हे कोणत्याही एका नकाशाने घडले नाही. आलेल्या माणसाला त्याच्या देवासह राहू द्यावे, या धोरणाने घडले.

सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत ऑक्सेंडन बंधूंची घुमटांची भव्य समाधी आजही उभी आहे. आँजियरही सुरतेतच मरण पावला. त्याची खूण शोधावयाची तर पुन्हा फोर्टातल्या त्या चर्चकडेच वळावे लागते. मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला त्याने १६७५ मध्ये चांदीचा एक पेला अर्पण केला होता. कॅथेड्रलने तो जतन करून ठेवला आहे. चर्चचे दार उघडण्याच्या त्रेचाळीस वर्षे आधी दिलेली ही भेट, आणि देणारा त्या दारातून कधी आत गेलाच नाही.