ग्रिअर्सनसाहेबांच्या खिशात रेकॉर्डर असता तर...

सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन! भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ असतं. आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. थेवेनिन आणि नॉर्टन सोडले तर आपल्याला तिसरा साहेब माहीत नसतो. मलाही हे साहेब भेटले ते आमच्या बोलीच्या वाटेने.

मी सांडोरचा. वसई रोडला उतरून घरी जाईपर्यंत माझी भाषा तीनदा बदलते. ट्रेनमधे हिंदी, रिक्षात मराठी आणि आजीसमोर वाडवळी. आमच्या वसईच्या पट्ट्यात वाडवळी आहे, सामवेदी म्हणजेच कादोडी आहे, कोळ्यांची बोली वेगळी आहे. शाळेत आम्हाला वाटायचं की ही सगळी 'अशुद्ध' मराठी. मग एकदा कळलं की १९०५ साली छापलेल्या एका जाडजूड सरकारी ग्रंथात वाडवळी आणि सामवेदीची स्वतंत्र नोंद आहे! तो ग्रंथ म्हणजे 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा सातवा खंड, आणि त्या अख्ख्या सर्व्हेचे कर्तेधर्ते हे ग्रिअर्सन.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ चा, आयर्लंडमधे डब्लिनजवळचा. घराण्याचा धंदा छपाईचा. ट्रिनिटी कॉलेजात शिकताना संस्कृत आणि हिंदुस्तानीची गोडी लागली. १८७१ मधे आय.सी.एस. पास झाले आणि १८७३ मधे बंगाल प्रांतात नोकरीवर रुजू झाले. तेव्हा बिहारही त्याच प्रांतात होता. म्हणजे आपल्या वयाचा, जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा! आल्या आल्या बिहारच्या दुष्काळात मदतीचं काम अंगावर पडलं. दुष्काळातला शेतकरी पुस्तकी हिंदुस्तानी बोलत नाही. तो मैथिली बोलतो, मगही बोलतो, भोजपुरी बोलतो. साहेबाला हे समजलं आणि बाकीचं आयुष्य त्यातच गेलं.

मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम सर्व्हे नाही, तर त्याच्या आधीचं 'बिहार पेझंट लाइफ' हे १८८५ चं पुस्तक. यात राजेरजवाडे नाहीत, देवळं नाहीत. यात काय आहे? नांगर, बैलगाडी, चरक, विहिरीवरून पाणी काढायची साधनं, घर बांधायचं सामान, लग्नातल्या रीती. आणि त्यातल्या प्रत्येक लहानसहान भागाला त्या त्या जिल्ह्यात काय म्हणतात त्याची नोंद, वर चित्रं. आपण मशीन ड्रॉइंगमधे पार्ट लिस्ट करतो ना, तशी एका अख्ख्या समाजाची पार्ट लिस्टच म्हणा! दिवसभर नोकरी करून एका अधिकाऱ्याने हे सगळं जमवलं. रोजच्या बोलण्यातला शब्द हा जपून ठेवायच्या लायकीचा असतो, हे त्यांना इतक्या लवकर कळलं होतं.

१८८६ मधे व्हिएन्नाला प्राच्यविद्या अभ्यासकांची परिषद भरली. तिथे ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा विषय मांडला. परिषदेने सरकारला शिफारस केली, आणि सरकारी खाक्याप्रमाणे काम सुरू व्हायला १८९४ उजाडलं. १८९८ मधे ते या कामाचे प्रमुख झाले.

आता पद्धत बघा, खास आपल्या लोकांना आवडेल अशी आहे. जिल्ह्याजिल्ह्यातून प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले. पहिला, बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं त्या बोलीत भाषांतर. (आमच्या सांडोरच्या संत थॉमस चर्चमधे ही गोष्ट न ऐकलेला माणूस सापडणार नाही.) ती का निवडली? तर त्यात मी, तू, तो तिन्ही येतात, बहुतेक विभक्ती येतात आणि तिन्ही काळ येतात. सगळ्या सिस्टीमना एकच टेस्ट सिग्नल द्यायचा आणि आउटपुट ताडून बघायचं, तसंच हे! दुसरा नमुना स्थानिक माणसाच्या तोंडून उतरवून घेतलेली गोष्ट किंवा गाणं. तिसरा, ठरावीक शब्दांची आणि छोट्या वाक्यांची यादी.

हे कागद जमत गेले आणि शतक बदलता बदलता साहेब ते घेऊन इंग्लंडला कॅम्बर्ली गावी गेले. पुढचं काम तिथून, पत्रव्यवहाराने. मदतीला स्टेन कोनो नावाचे नॉर्वेजियन पंडित होते. आपल्या मराठीचा खंड त्यांनीच तयार केला. १९०३ ते १९२८ या काळात ११ खंड, १९ भागांत छापून झाले. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली. १९१२ मधे 'सर' झाले, १९२८ मधे ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला. वाद व्हायचे तेही झाले. सर्व्हेने कोकणीला मराठीची बोली ठरवलं, तो वाद पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला.

पण मला खटकतं ते वेगळंच आहे. ते समजलं माझ्या रेकॉर्डरमुळे.

गेल्या वर्षी मी एक छोटा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर घेतला. खिशात मावतो, दोन बारके सेल लागतात, एक लाल बटण. मित्र म्हणाले, फोन असताना हा कशाला? फोन वाजतो, मेसेज येतो, आणि फोन समोर धरला की माणूस आधी केस सारखे करतो! रेकॉर्डर दुमडलेल्या रुमालावर ठेवायचा, नाहीतर टेबलावर कप आपटल्याचा आवाज बॉम्बसारखा येतो. पंखा बंद. लो-कट फिल्टर चालू. मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ घेतलं तर तासाला साधारण ३१८ एमबी होतात; ६४ केबीपीएस एमपीथ्री घेतलं तर २९. जपून ठेवायचं असेल तर पहिलंच घ्यावं, मेमरी आता स्वस्त आहे. फाईलला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव लगेच द्यायचं. आणि विचारल्याशिवाय कोणाचंही बोलणं घ्यायचं नाही, घरातल्यांचंसुद्धा.

आजीला विचारलं तर ती हो म्हणाली. बटण दाबलं आणि चमत्कार! आजी एकदम पुस्तकी मराठीत बोलायला लागली, जणू वाचन करतेय. सात-आठ दिवस असंच चाललं. मी रोज संध्याकाळी तो रेकॉर्डर भाजीच्या टोपलीशेजारी ठेवायचो. हळूहळू ती त्याला विसरली. मग एक दिवस शेजारच्या काकी आल्या, बावखलातल्या गाळावरून विषय निघाला, तो जुन्या रहाटावर गेला, तिथून सुकेळी वाळवण्यावर आणि तिथून कोणाच्या तरी लग्नात झालेल्या भांडणावर. पाऊण तास खरीखुरी वाडवळी! रहाटाच्या भागांची नावं मी तर आयुष्यात प्रथमच ऐकली. शब्द एक वेळ कागदावर लिहून घेता आले असते, पण काकींना अडवताना आजीचा वर चढणारा सूर, दोघींचं एकदम बोलणं, मधेच शब्द गिळणं, ते कसं लिहिणार?

आता ग्रिअर्सन यांची पंचाईत लक्षात घ्या. ज्या माणसाने नांगराच्या खिळ्याचंसुद्धा नाव सोडलं नाही, त्याच्याकडे साधन काय, तर सरकारी पत्र! कचेरीतून मागणी आली, साहेबाला बोली हवी आहे. अशा वेळी सांगणारा माणूस सावरून बोलणार, लिहिणारा ते थोडं सुधारून लिहिणार. माझी आजी बोटभर यंत्रासमोर आठवडाभर बिचकली, तर कलेक्टर कचेरीसमोर कोण मोकळं बोलेल? म्हणून सातव्या खंडातली वाडवळी वाचताना मला ती ओळखीची वाटते आणि तरी घरची वाटत नाही.

कागदाची ही मर्यादा खुद्द साहेबांनाही जाणवली असणार, कारण त्यांच्याच पुढाकाराने १९१३ पासून प्रांतिक सरकारांमार्फत भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार होऊ लागल्या. १९२९ पर्यंत दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रणं झाली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पण तंत्र बघा. १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत मायक्रोफोनच नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोलायचं, आवाजाच्या जोरावर सुई हलणार. तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटत नसे, म्हणजे 'स' आणि 'श' यांचा जीवच तिथे संपला. एका बाजूला तीन-चार मिनिटं. चुकलं तर मेण वाया. अशा घाईत माणूस गप्पा कशा मारणार? मग पाठ केलेला मजकूर, आणि बऱ्याचदा पुन्हा तोच उधळा मुलगा! शिवाय ५४४ बोलींपैकी बहुतेकींच्या वाट्याला तबकडी आलीच नाही.

या तबकड्यांचं डिजिटायझेशन झालं आहे आणि त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. हेडफोन लावून जरूर ऐका. खरखरीच्या मागून कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीचा माणूस छाती भरून बोलत असतो, अगदी शाळेत उभं केल्यासारखा. मला दर वेळी वाटतं, आता हा जरा दम घेईल, शेजारच्याशी काहीतरी बोलेल. तेवढ्यात तबकडी संपते.

सर्व्हे संपला तेव्हा ग्रिअर्सन सत्याहत्तर वर्षांचे होते. तरी थांबले नाहीत. काश्मिरी भाषेचा प्रचंड शब्दकोश १९३२ मधे पुरा केला. ९ मार्च १९४१ रोजी, नव्वद वर्षांचे असताना, कॅम्बर्लीलाच वारले. अख्ख्या देशाच्या बोली ज्यांनी मांडल्या, त्यांनी त्यातल्या कितीतरी बोली आयुष्यात एकदाही कानाने ऐकल्या नसतील.

आजीच्या आतापर्यंत त्रेसष्ट फाईली झाल्या आहेत. पहिल्या आठ पुस्तकी मराठीतल्या आहेत, त्याही मी पुसलेल्या नाहीत.