रास न मापता धान्य सांगणारे भास्कराचार्य

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं खोदलं. जेसीबीवाल्याचे पैसे निघालेल्या मातीवर, म्हणजे ब्रासवर ठरलेत. तो सरळ गुणाकार करतो, २,७०० घनमीटर. पण तळ्याच्या बाजू उतरत्या आहेत आणि तळाशी जागा उरलीय फक्त २४ बाय २४. मग माती नेमकी किती निघाली?

हाच हिशोब पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी श्लोकात बसवून ठेवलाय.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. खुद्द भास्कराचार्यांनी ती कुठंच लिहिलेली नाही. या गोष्टीच्या नादात पुस्तकात काय आहे, हे मात्र मागं पडतं.

पुस्तकात खड्डे आहेत, विटांचे थर आहेत, करवतीनं कापायची लाकडं आहेत. एका उदाहरणात विहीर आहे, वर १२ बाय १० हात, तळाशी त्याच्या निम्मी, खोली ७ हात. नियम असा: वरचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०. मग वरची आणि खालची लांबी मिळवायची, रुंदीही मिळवायची, १८ गुणिले १५, म्हणजे २७०. तिन्हींची बेरीज ४२०. तिला ६ नं भागून खोलीनं गुणलं की ४९० घनहात.

आता हेच शेततळ्याला लावा. ९०० अधिक ५७६ अधिक २,९१६, भागिले ६, गुणिले ३. उत्तर २,१९६ घनमीटर. म्हणजे जेसीबीवाल्याच्या हिशोबात ५०४ घनमीटर माती जास्तीची होती, जवळपास १७८ ब्रास!

त्याहून भारी आहे ते राशीचं गणित. खळ्यावर धान्याची रास पडलीय. तिची उंची मोजायला काठी घालायची कुठं? भास्कराचार्य सांगतात, उंची मोजूच नका, रास कडेनं मोजा. जाडं धान्य असेल तर घेराचा दहावा भाग ही उंची, बारीक असेल तर अकरावा आणि कुसळाचं असेल तर नववा. कारण उघड आहे. बारीक दाणा घरंगळतो, रास पसरते. कुसळं एकमेकांत अडकतात, रास चढते. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. घेर ६० हात आणि धान्य जाडं असेल, तर उंची ६ आणि धान्य ६०० घनहात. रास भिंतीला टेकलेली असेल, कोपऱ्यात असेल, तर काय करायचं तेही दिलंय.

हे नियम अगदी पहिल्यांदा त्यांनीच काढले असं नाही, त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तांकडेही ते आहेत. शिवाय राशीच्या नियमात पाय चक्क ३ धरलाय, त्यामुळं उत्तर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त येतं. भास्कराचार्यांना नेमकी किंमत माहीत नव्हती असं अजिबात नाही. त्याच पुस्तकात ३९२७ भागिले १२५० ही किंमत आहे, म्हणजे ३.१४१६. गोलाचं घनफळ काढताना ती वापरली की ७ व्यासाच्या गोलाचं उत्तर १७९.५९ येतं, आजच्यासारखंच. आर्यभटांचा गोलाचा नियम चुकलेला होता, भास्कराचार्यांचा बरोबर आहे. खळ्यावर मात्र त्यांनी तोंडी करता येईल असंच गणित ठेवलं.

११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव, दोघंही यादवांच्या दरबारी गेले. चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ काढला. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता हक्क मठाला द्यायचा, हे त्यात लिहिलंय.