रविवारची सुट्टी मिळवणारे लोखंडे

भित्तिपत्रकात दर वेळी सगळे शिवाजी महाराज नाहीतर लोकमान्य टिळक लिहितात. मागच्या वेळी मीपण टिळकच लिहिले होते. या वेळी मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी लिहिणार आहे.

हे नाव मला कसे मिळाले ते आधी सांगतो. एका रविवारी आई खुरपायला निघाली. मी तिला विचारले की आम्हाला सुट्टी असते, मग तुला का नाही. ती म्हणाली की रविवार शाळा-कचेऱ्यांचा, आमची सुट्टी बाजारच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून दिले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याला झाला. घरची गरिबी होती. तरी ते शिकले आणि मुंबईला मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे गिरणीच्या सामानाचा हिशेब ठेवणारा. त्यामुळे कामगारांचे हाल ते रोज डोळ्यांनी बघत होते.

त्या वेळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजेड पडला की काम सुरू आणि अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तास. रविवारची सुट्टी नाही. सणाला गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे पुसायला बोलवायचे. साहेबांच्या कचेऱ्यांना मात्र रविवारी कुलूप असे. पगार तर महिना संपून गेला तरी हातात पडत नसे.

आता मुलांचे ऐका. १८८१ साली सरकारने पहिला कारखान्यांचा कायदा केला. त्यात असे होते की सात वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. म्हणजे सात वर्षांच्या पोराने नऊ तास काम केलेले चालत होते! आपली शाळा अकरा ते पाच, मधल्या सुट्टीसकट सहा तास. तेवढ्यातच आपण कंटाळतो. माझी धाकटी बहीण सात वर्षांची आहे. तिला अजून वेणी घालता येत नाही.

मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्या कायद्यात काहीच नव्हते.

लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली दीनबंधू नावाचे वर्तमानपत्र काढले होते. ते बंद पडायला आले. लोखंडे यांनी १८८० साली ते मुंबईला नेले आणि स्वतः चालवले. त्यात ते शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे हाल छापायचे.

१८८४ साली सरकारने कायदा नीट आहे का ते बघायला मुंबईत एक कमिशन नेमले. कमिशन म्हणजे चौकशी करणारी मंडळी. लोखंडे यांना वाटले की मालकांचे तर सगळे ऐकतील, कामगारांचे कोण सांगणार. म्हणून सप्टेंबर महिन्यात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज लिहिला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आमच्या गावात लहान-मोठी धरून तेवढी माणसे नाहीत.

अर्जात मागितले होते की दर रविवारी सुट्टी द्यावी. दुपारी अर्धा तास जेवायला द्यावा. काम सकाळी साडेसहाला सुरू करून दिवस मावळताना थांबवावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्यावा. यंत्रात कुणाला लागले तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. साडेसहा ते दिवस मावळेपर्यंत म्हणजे उन्हाळ्यात बारा तास तरी होतात. मला वाटले हे काय मागणे झाले? मग कळले की एवढेसुद्धा मिळत नव्हते.

रविवारच कशाला, तर रविवार हा आपल्या खंडोबाचा वार आहे असे लोखंडे सांगायचे म्हणतात. हे मला फार आवडले. आमची आजीसुद्धा रविवारी खंडोबाला भंडारा वाहते.

पण सहा वर्षे काही झाले नाही. लोखंडे यांनी अर्जावर अर्ज केले. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी मुंबईत मोठी सभा घेतली. दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बाया उठून बोलल्या. गिरणीत बायापण काम करत होत्या, पण एवढ्या माणसांत बोलायचे म्हणजे! आमची आई ग्रामसभेत मागे बसते आणि घरी आल्यावर बोलते.

शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्याच साली सरकारने नवे कमिशन नेमले. त्याच्या मदतीला मुंबईचे म्हणून लोखंडे यांना घेतले. मग १८९१ साली कायदा सुधारला. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती सगळ्या कामगारांना मिळाली. बायांना अकरा तासांच्या वर काम नाही. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना काम नाही, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास. म्हणजे मी तेव्हा असतो तर मला सात तास काम पडले असते. आता चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कारखान्यात लावताच येत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे मात्र तिथेच राहून आजारी माणसांसाठी धडपडत होते. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. पुढच्याच महिन्यात पुण्याला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २००५ साली सरकारने लोखंडे यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

१८९१ चा कायदा कारखान्यांचा होता. शेतावरच्या मजुरांचे त्यात काही नव्हते.

हे सगळे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवले. ती भाकरी थापत ऐकत होती. पगाराच्या पंधरा तारखेचे आले तेव्हा तिने मला थांबवले आणि तेवढेच पुन्हा वाचायला लावले. तिची मागच्या बाजारची मजुरी अजून यायची आहे.