फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं आणि फुरसुंगीच्या पोराला हिरो केलं, ते भा. रा. भागवत

काडी पैलवान, चौकड्यांचा शर्ट, सुसाट सायकल आणि तोंडातून निघणारा 'ट्टॉक' असा आवाज. एवढं सांगितलं तरी फास्टर फेणे डोळ्यांसमोर येतो. दूरदर्शनच्या जमान्यात सुमीत राघवनने तो साकारला, 2017 च्या सिनेमात अमेय वाघने.

हा फेणे ज्यांनी जन्माला घातला ते भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत. पण त्यांचं आणखी एक मोठं काम आहे, ज्याची चर्चा फेणेपुढे कमी होते. परदेशात घडणाऱ्या साहसकथा त्यांनी मराठी पोरांच्या हातात दिल्या.

भागवतांचा जन्म 31 मे 1910 चा, इंदूरचा. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहायच्या. 1951 मध्ये या जोडप्याने 'बालमित्र' नावाचं मासिक सुरू केलं. काही वर्षांनी मासिक थांबलं, पण मुलांसाठी लिहिणं थांबलं नाही.

आता हे काम का महत्त्वाचं, ते समजण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या वडवणीचा विचार करा. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा दबदबा होता. संस्थान भारतात सामील झालं आणि इथल्या पोरांना मराठीतून शिकण्याची वाट मोकळी झाली. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, इंग्रजी कादंबरी तर त्याहून लांब. अशा गावातल्या पोराला पाणबुडीत बसायचं असेल, तर ती पाणबुडी मराठीतच यायला हवी होती.

भागवतांनी ती आणली. ज्यूल व्हर्न हा 1828 ते 1905 या काळातला फ्रेंच लेखक. त्याच्या कथांवरून त्यांनी 'चंद्रावर स्वारी', 'सूर्यावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान' अशी पुस्तकं लिहिली.

नुसती नावं बघा. 'स्वारी' म्हटलं की मराठी माणसाला घोडे, भाले आणि अटकेपार आठवतं. भागवतांनी तोच शब्द चंद्राच्या प्रवासाला लावला. धूमकेतूला त्यांनी गावाकडचा शब्द दिला, शेंडेनक्षत्र. त्याच्या आधी जोडलं 'मुक्काम', जसं पत्रावर मुक्काम पोस्ट वडवणी लिहितात तसं. या कथेत धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. त्या अवकाशातल्या भटकंतीला भागवतांनी थेट पत्ताच देऊन टाकला.

इंग्रजीतल्या अ‍ॅलिसचंही तसंच. ससा दिसला म्हणून बिळात शिरणारी ही मुलगी भागवतांकडे 'जाईची नवलकहाणी' सांगत मराठी झाली.

व्हर्नच्या गोष्टी म्हणजे निव्वळ थापा नव्हत्या. चंद्रावरच्या मोहिमेची त्याची पहिली कादंबरी 1865 ची. त्यात तिघेजण अमेरिकेतल्या फ्लोरिडातून निघतात आणि पुढच्या भागात प्रशांत महासागरात परत पडतात. 1969 मध्ये अपोलो 11 मधले तिघेही फ्लोरिडातूनच उडाले आणि प्रशांत महासागरातच उतरले.

आणखी एक गंमत. पाणबुडीचा कॅप्टन नेमो कोण, हे व्हर्नने नंतरच्या कादंबरीत सांगितलं. तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. म्हणजे परदेशी साहसकथेचा नायक मुळात आपल्याकडचाच होता.

भागवतांच्या लेखनात मात्र नायक व्हायला राजपुत्र असण्याची गरज उरली नाही. बनेश फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला पोरगा. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, विमानचोरांशी भिडतो. त्यांचा दुसरा हिरो बिपिन बुकलवार तर आडनावापासूनच पुस्तकवेडा. परदेशी पुस्तकांतलं धाडस भागवतांनी आधी मराठी भाषेत आणलं आणि मग मराठी पोरांच्या अंगात.

तेव्हाच्या मुलांसाठी ही साधी गोष्ट नव्हती. जग बघायचं तर आधी इंग्रजी शिका, मोठ्या शहरात जा, पैसे जमवा. भागवतांनी या तिन्ही अटी काढून टाकल्या. मराठी वाचता येणं पुरेसं होतं.

27 ऑक्टोबर 2001 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी भागवत गेले. आज वडवणीतल्या पोराच्या हातातही मोबाईल आहे आणि चंद्राचे खरे फोटो एका क्लिकवर आहेत. पण फोटो चंद्र दाखवतो, तिथे जायची हौस गोष्टच लावते. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल, तर या सुट्टीत त्याच्या हातात 'चंद्रावर स्वारी' देऊन बघा.