विश्लेषण : एका ‘ऑप्शन’मधून जन्मलेली मसल कार… जॉन डीलोरिअन यांची ‘जीटीओ’ ओळखायला आजही कागद का लागतो?

अमेरिकेत जुन्या मसल कारचे मालक वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये खपून गाडी पूर्ववत करतात आणि मेळाव्यात बॉनेट उघडून लोकांसमोर मांडतात. यातली १९६४ किंवा १९६५ ची पॉन्टियाक जीटीओ असेल, तर जाणकार इंजिन पाहून थांबत नाहीत, कागद मागतात. गाडी खरी जीटीओ आहे की नाही, हे नुसत्या गाडीवरून खात्रीने सांगता येत नाही. त्याचे कारण ही गाडी घडवणारे अभियंते जॉन डीलोरिअन यांनी साठ वर्षांपूर्वी काढलेल्या एका पळवाटेत आहे.

डीलोरिअन कोण होते?

जॉन डीलोरिअन यांचा जन्म ६ जानेवारी १९२५ रोजी डेट्रॉइटमध्ये, कामगाराच्या घरात झाला. वडील रोमानियातून स्थलांतरित होऊन आलेले आणि फोर्डच्या कारखान्यात कामाला. जॉन यांनी लॉरेन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेमुळे त्यात खंड पडला. पुढे क्रायसलरच्या संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण, पॅकार्ड कंपनीत काही वर्षे नोकरी आणि १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या (जीएम) पॉन्टियाक विभागात प्रवेश. १९६१ मध्ये ते पॉन्टियाकचे मुख्य अभियंता झाले.

पळवाट काय होती?

तेव्हा पॉन्टियाकची ओळख शर्यतींमुळे होती. मात्र १९६३ च्या सुरुवातीला जीएमने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला. तरुण ग्राहकाला आता काय दाखवायचे, हा प्रश्न होता.

त्याच सुमारास बिल कॉलिन्स आणि रस गी या सहकारी अभियंत्यांसोबतच्या चर्चेत एक साधी गोष्ट पुढे आली. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३२६ घन इंचाचे व्ही-८ इंजिन बसत होते. मोठ्या पॉन्टियाकचे ३८९ घन इंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बाहेरून तेवढ्याच मापाचे होते. ते त्याच माउंटिंगवर बसणार होते. तुलनेसाठी, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकचे इंजिन १.२ लिटरच्या आसपास असते.

अडचण नियमाची होती. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन नको, असे जीएमचे धोरण होते. नवे मॉडेल म्हटले की मुख्यालयाची मंजुरी आली. पण आधीच मंजूर असलेल्या गाडीवरच्या ऑप्शनची तशी छाननी होत नव्हती. म्हणून जीटीओ हे मॉडेल न करता टेम्पेस्टच्या ल मान्स आवृत्तीवरचे सुमारे २९५ डॉलरचे पॅकेज म्हणून आणण्यात आले. विभागप्रमुख पीट एस्टिस यांनी पाठिंबा दिला. जीटीओ हे नाव फेरारीच्या गाडीवरून उचलले होते.

इंजिन ३२५ अश्वशक्तीचे होते. तीन कार्ब्युरेटरचा संच घेतला तर ३४८. विक्री विभागाने पाच हजार गाड्यांपुरती तयारी दाखवली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. मग जीएमनेच इंजिनाची मर्यादा वाढवली. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या वर्षी विक्री ९६ हजारांवर गेली. मध्यम आकाराची, परवडणारी गाडी आणि त्यात मोठ्या गाडीचे इंजिन, हे मसल कारचे सूत्र इतर कंपन्यांनीही उचलले.

मग आजच्या मालकांची अडचण कोणती?

अमेरिकेत गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे आपल्या आरसी बुकातला चेसिस नंबर, मॉडेल सांगतो. १९६६ च्या जीटीओचा क्रमांक २४२ ने सुरू होतो, त्यामुळे ती लगेच ओळखता येते. पण १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे मॉडेलच नव्हते. त्या क्रमांकातून फक्त ल मान्स कळते, ऑप्शन कळत नाही.

त्यामुळे साधी ल मान्स घेऊन तिला जीटीओचे बॉनेट, बिल्ले आणि ३८९ इंजिन बसवले, की डोळ्यांना फरक कळणे कठीण. अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. तसे सांगून मेळाव्यात मिरवली तर कोणाची तक्रार नसते. अस्सल म्हणून विकली, तर ती फसवणूक ठरते. घेणाऱ्याचे पैसे आणि पुढे दुरुस्तीवर घातलेली वर्षे, दोन्ही चुकीच्या गाडीवर जातात.

यावर उपाय म्हणजे कारखान्याचे मूळ बिल. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था जुन्या नोंदींवरून त्याची प्रत देते. त्यात गाडी कोणत्या ऑप्शनसह बाहेर पडली हे कळते. शिवाय इंजिनाच्या ब्लॉकवरचा कोड आणि ओतकामाची तारीख पाहतात. ब्लॉक गाडीनंतर ओतलेला निघाला, तर इंजिन मूळचे नाही हे उघड होते. म्हणून अनुभवी मालक पाना हातात घेण्याआधी कागद मागवतात.

डीलोरिअन यांचे पुढे काय झाले?

१९६५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ते पॉन्टियाकचे प्रमुख झाले. १९६९ मध्ये शेव्हरोलेची सूत्रे आली आणि १९७२ मध्ये जीएमच्या उत्तर अमेरिकेतील कार-ट्रक निर्मितीची जबाबदारी. १९७३ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि नंतर स्वतःची मोटार कंपनी काढली. ब्रिटिश सरकारच्या पैशांवर बेलफास्टजवळ डनमरी येथे कारखाना उभा राहिला. स्टेनलेस स्टीलचे अंग आणि वर उघडणारी दारे असलेली त्यांची गाडी १९८१ मध्ये आली. पण सुमारे २५ हजार डॉलर किमतीच्या या गाडीचे इंजिन १३० अश्वशक्तीचेच होते. सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर १९८२ मध्ये कारखाना बंद पडला आणि बेलफास्टचे कामगार बेकार झाले.

ऑक्टोबर १९८२ मध्ये कोकेन व्यवहाराच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. सरकारी यंत्रणेनेच सापळ्यात ओढले, हा बचाव उभा राहिला आणि ऑगस्ट १९८४ मध्ये ते निर्दोष सुटले. पुढच्याच वर्षी ‘बॅक टू द फ्युचर’ चित्रपटाने त्यांची गाडी जगभर पोहोचवली, पण तोवर कंपनी उरली नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. १९ मार्च २००५ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मिशिगनमधील त्यांच्या थडग्यावर दारे उघडलेली डीलोरिअन कोरलेली आहे. जीएमने २००९ मध्ये पॉन्टियाक हा ब्रँड बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. गॅरेजमध्ये मात्र जीटीओचे काम सुरूच आहे आणि सुरुवात होते ती त्या बिलापासून, ज्यात ‘जीटीओ’ ही ऑप्शनच्या यादीतली फक्त एक ओळ आहे.