बेसबॉलवीर रॉबर्टो क्लेमेंटे

क्रिकेट आपल्या अंगणातले. बेसबॉल मात्र आम्हांला परकाच. त्या खेळात फलंदाज चेंडू टोलवून बिनबाद बेसपर्यंत पोहोचला की त्याच्या खाती एक ‘हिट’ जमा होतो. ३० सप्टेंबर १९७२ रोजी तीन हजारावा हिट मारणारे रॉबर्टो क्लेमेंटे हे त्या पंक्तीतील केवळ अकरावे खेळाडू.

प्वेर्तो रिको बेटावरील कॅरोलिना येथे, उसाच्या मळ्यातील मुकादमाच्या घरी, १९३४ साली त्यांचा जन्म झाला. १९५५ पासून ते पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडून अठरा मोसम खेळले. चार वेळा फलंदाजीत अव्वल, क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक बारा वेळा! तरीही वृत्तपत्रे त्यांचे मोडके इंग्रजी उच्चारांसकट छापीत आणि ‘रॉबर्टो’चे परस्पर ‘बॉब’ करीत. हे त्यांना मुळीच खपत नसे. १९७१ ची वर्ल्ड सीरीज जिंकल्यावर टेलिव्हिजनवर ते प्रथम आपल्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलले. घरी कोंकणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्हांला हा प्रसंग विशेष जवळचा वाटतो.

१९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. पाठविलेली मदत अधिकारीच लुबाडतात असे कानी येताच क्लेमेंटे स्वतः निघाले. ३१ डिसेंबरच्या रात्री, प्रमाणाबाहेर लादलेले त्यांचे विमान सान हुआनहून उडताच समुद्रात कोसळले. देह सापडलाच नाही.

पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूस सारून १९७३ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले. तेथील फलकावर मात्र नावाचा क्रम चुकला होता. आईचे आडनाव शेवटी लिहिण्याच्या स्पॅनिश रीतीप्रमाणे ‘रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर’ असा नवा फलक २००० साली बसविण्यात आला.