अस्वलाचा पाय आणि लिओनार्दो

आमच्या मच्छे गावाहून खानापूरच्या वाटेने पुढे गेले म्हणजे अरण्याचा मुलूख लागतो. भीमगडच्या त्या रानात आजही अस्वले आहेत. पूर्वी दरवेशी लोक अस्वलास वेसण घालून गावोगाव खेळ करीत, असे वडीलधारी माणसे सांगतात. मागील पायांवर उभे राहिलेले ते जनावर माणसासारखे दिसे, म्हणून लोक हसत. परंतु ते तसे का दिसते, हे पाहण्याचे कष्ट कितीकांनी घेतले असतील? पाच शतकांपूर्वी इटलीतील एका चित्रकाराने ते घेतले. तो थोर पुरुष म्हणजे लिओनार्दो दा व्हिंची होय.

१५ एप्रिल १४५२ रोजी व्हिंची गावाच्या परिसरात त्याचा जन्म झाला. त्याच्या मातापित्यांचा परस्परांशी विवाह झालेला नव्हता. त्यामुळे पित्याचा नोटरीचा व्यवसाय त्यास बंद होता, आणि लॅटिनचे रीतसर शिक्षणही त्यास लाभले नाही. फ्लॉरेन्स नगरात व्हेरोक्यो नामक कलावंताच्या कर्मशाळेत तो चित्रकला शिकला. ग्रंथांचे दार अर्धे मिटलेले असल्यामुळे डोळे व हात हेच त्याचे गुरू झाले. हातही डावा! त्याची टिपणे उजवीकडून डावीकडे लिहिलेली असून ती आरशात सुलभ वाचता येतात.

सुमारे १४८२ मध्ये तो मिलान येथे गेला. तेथील वास्तव्यात, १४८५ ते १४९० च्या दरम्यान, त्याने अस्वलाचा मागील पाय सोलून त्याची चित्रे काढली. निळसर लेप दिलेल्या कागदावर धातूच्या टोकदार कांडीने व शाईने काढलेल्या या चित्रांत हाडे, स्नायू, कंडरा आणि नखे स्पष्ट दिसतात. अस्वल, माकड इत्यादी प्राण्यांचे पाय माणसाच्या पायाहून कोठे भिन्न आहेत, हे चित्रांनी दाखवावे, असा त्याचा संकल्प होता.

हा विषय क्षुल्लक नाही. कुत्रे बोटांवर चालते. त्याच्या मागील पायाचा उलटा भासणारा गुडघा ही वस्तुतः त्याची टाच आहे. घोडा तर एकाच बोटाच्या खुरावर उभा राहतो. अस्वल मात्र आपल्याप्रमाणे टाचेसह सारा तळपाय भूमीवर टेकते, म्हणून ते उभे राहिले की माणसासारखे दिसते. तरीही भेद आहेच. माणसाचा अंगठा आतल्या बाजूस असून सर्वांत मोठा असतो, तर अस्वलाचे आतले बोट सर्वांत लहान असते. साम्य आणि भेद एकाच वेळी पाहणे, हीच खरी शास्त्राची दृष्टी नव्हे काय?

पुढे १५०७ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या रुग्णालयात मरण पावलेल्या एका शतायुषी वृद्धाच्या देहाचे त्याने विच्छेदन केले. १५१० च्या सुमारास मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे या तरुण अध्यापकाच्या साहाय्याने त्याने मानवी शरीराची अनुपम चित्रे काढली. परंतु १५११ मध्ये तो अध्यापक प्लेगला बळी पडला, आणि योजिलेला शरीररचनेचा ग्रंथ अपुराच राहिला. २ मे १५१९ रोजी फ्रान्समध्ये लिओनार्दोने देह ठेवला. त्याचे कागद मेल्झी या शिष्याकडे गेले व शिष्याच्या मृत्यूनंतर विखुरले. १५४३ मध्ये व्हेसेलियसचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्यास लिओनार्दोच्या श्रमांचा लाभ झाला नाही. अस्वलाच्या पायाची ती चित्रे आज इंग्लंडमधील विंडसर येथे राजसंग्रहात आहेत. जगाला जे १५१९ पूर्वीच मिळावयाचे, त्यासाठी शतकानुशतके वाट पाहावी लागली, याची हळहळ वाटते.

या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. आमच्या जीवशास्त्राच्या वहीतील आकृत्या बहुधा पुस्तकातील आकृती पाहूनच उतरविलेल्या असतात. प्रत्यक्ष वस्तू आम्ही क्वचितच पाहतो. त्यासाठी रानात जाण्याचे कारण नाही. दारातील कुत्रे आणि गोठ्यातील बैल पुरेसे आहेत. त्यांची टाच कोठे आहे, हे स्वतः शोधून कागदावर काढावे, ही पहिली गोष्ट. आणि काढलेले पेटीत न ठेवता शेजारच्या बाकावरील मित्रास दाखवावे, ही दुसरी. पहिली लिओनार्दोला साधली. दुसरी मात्र राहून गेली.